फारसी सिनेमातली पोरं सतत धावत का असतात?

तेहरानच्या दक्षिण भागात एका खोलीतलं बिऱ्हाड. मुलींची शाळा सकाळच्या पाळीत, मुलांची दुपारच्या. बहीण-भावात बुटांचा जोड एकच, तोही भावाचा, बहिणीच्या पायाला ढगळ. शाळा सुटली की झहराने बोळांतून पळत यायचं. ठरलेल्या वळणावर अली सपाता घालून उभा असतो. तिथेच अदलाबदल होते: बूट त्याच्या पायात, सपाता तिच्या. आता पळायची पाळी त्याची. ती कितीही जोरात आली तरी त्याला उशीर होतोच, कारण तिची शाळा सुटणं आणि त्याची भरणं यांच्यामध्ये मोकळा वेळच नाही.

माजिद माजिदींच्या ‘बच्चेहा-ये आसेमान’ (१९९७) या सिनेमाचं हे मूळ गणित आहे. ‘आकाशाची मुलं’ असा नावाचा शब्दशः अर्थ. ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळालेला हा पहिला इराणी सिनेमा. त्याची रूपांतरं सिंगापूरमध्ये २००३ साली, हिंदीत २०१० साली आणि तमिळमध्ये २०२२ साली झाली. पण आपल्याला इथे पुरस्कारांपेक्षा त्या पळण्यात जास्त रस आहे, कारण एकदा लक्षात आलं की ते सगळीकडे दिसायला लागतं. अमीर नादेरींच्या सिनेमाचं नावच ‘दवंदे’, म्हणजे धावणारा. अब्बास किआरोस्तामींचा अहमद मित्राची वही घेऊन डोंगर चढतो-उतरतो. जाफर पनाहींची सात वर्षांची राझिये एका माशासाठी दुकान ते घर हेलपाटे घालते. ही सगळी पोरं इतकी घाईत का असतात?

थोडक्यात उत्तर असं, की या सिनेमांत गरिबी फाटक्या कपड्यांतून दिसत नाही, ती वेळेतून दिसते. ज्याच्याकडे दोन जोड असतात त्याला धावावं लागत नाही. बाकीचं उत्तर मात्र पटकथेत, सरकारी कचेरीत आणि तेहरानच्या उतारावर विखुरलेलं आहे.

वस्तू, मुदत आणि मोठी माणसं

या सिनेमांची बांधणी पाहिली तर आत तीन भाग सापडतात. पहिला भाग म्हणजे एक वस्तू. ती इतकी किरकोळ असते की चार पैसे खुळखुळणाऱ्या घरात तिचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. वही, बूट, नोट, खिडकीची काच, पाण्याचा रांजण. दुसरा भाग मुदत: उद्या सकाळचा तास, नवीन वर्षाचा मुहूर्त, शाळेची घंटा. तिसरा भाग म्हणजे मोठी माणसं. ती दुष्ट नसतात, पण मूल काय म्हणतंय ते त्यांच्या कानात शिरत नाही. प्रत्येक जण टोलनाक्यासारखा मुलाला अडवतो आणि त्याचा थोडा वेळ काढून घेतो.

मुदत काढली तर नुसती हळहळ उरते. मोठ्यांना खलनायक केलं की मेलोड्रामा होतो. आणि वस्तू मोठी केली, म्हणजे आजारी आईचं ऑपरेशन वगैरे, तर प्रेक्षक मुलाच्या नजरेतून पाहणं सोडून देणगीदाराच्या नजरेतून पाहायला लागतो. इराणी दिग्दर्शकांचं कसब या शेवटच्या ठिकाणी आहे. वस्तू लहान ठेवायला धीर लागतो.

किआरोस्तामींचा ‘खाने-ये दूस्त कोजास्त’ (१९८७) घ्या. नाव मराठी कानाला परकं वाटायचं कारण नाही: दवाखाना-कारखान्यातला ‘खाना’, आणि दूस्त म्हणजे दोस्त. ‘मित्राचं घर कुठे आहे?’ ही सोहराब सेपेहरी या कवीच्या एका प्रसिद्ध कवितेची पहिली ओळ. कोकेर गावातला अहमद चुकून वर्गमित्राची वही घरी घेऊन येतो. मित्राने गृहपाठ पुन्हा वहीत केला नाही तर त्याला शाळेतून काढून टाकीन, असं गुरुजींनी बजावलेलं असतं. मित्र पोश्ते नावाच्या शेजारच्या गावात राहतो. म्हणजे आज संध्याकाळच्या आत वही पोचायला हवी.

आता घरातला प्रसंग बारकाईने बघा. आई धुणं धुतेय. अहमद सांगतो, मी मित्राची वही आणलीय, द्यायला हवी. आई म्हणते, आधी गृहपाठ कर, मग खेळ. तो पुन्हा तेच सांगतो. ती म्हणते, बाळाला बघ. तो पुन्हा सांगतो. आता काहीतरी आणून दे. मुलाचं वाक्य एकच, आईची वाक्यं बदलत जातात आणि एकमेकांना छेदत जातात. तिच्या लेखी मुलाला खेळायलाच जायचंय, त्यामुळे ‘वही’ हा शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाही. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. पडद्यावर एका पोराचा चेहरा आहे, आणि त्याला पहिल्यांदाच कळतंय की खरं बोलूनही उपयोग होत नसतो.

पुढे आजोबा भेटतात. नातवाला सिगारेटी आणायला घरी पिटाळतात. खरं तर सिगारेटी त्यांच्याकडेच असतात. पोराला शिस्त लागावी म्हणून हा हेलपाटा. शेजारच्या म्हाताऱ्याला ते अभिमानाने सांगतात, माझे वडील मला आठवड्याला एक नाणं द्यायचे आणि पंधरवड्याला एकदा चोप द्यायचे; नाणं द्यायला कधी विसरायचे, चोप द्यायला कधीच नाही. हा प्रसंग विनोदी आहे आणि भयंकरही. आज्ञापालन ही तिथली खरी वडिलोपार्जित मालमत्ता आहे, कारण देण्यासारखं दुसरं काही नाही.

पोश्त्यात गेल्यावर मित्राचं आडनाव सांगून उपयोग होत नाही. त्या आडनावाची घरं बरीच. दोरीवर वाळत घातलेली पँट मित्राचीच वाटते, पण ती दुसऱ्याच कुणाची निघते. अंधार पडतो. शेवटी अहमद काय करतो ते इथे सांगत नाही, पण सिनेमाचं शेवटचं चित्र वहीच्या पानात दाबलेल्या एका छोट्या फुलाचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

त्या टेकडीवरची नागमोडी पायवाट, वर एकुलतं एक झाड, हे दृश्य पोस्टरांवरून जगभर गेलं. ती वाट तिथे आधीपासून नव्हती, सिनेमासाठी पाडून घेतली होती. वास्तववादी सिनेमा म्हणजे असेल ते टिपणं, असा समज असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

पैशांचं गणित

पनाहींचा ‘बादकोनके सफीद’ (१९९५), म्हणजे पांढरा फुगा, पाहण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. इराणी नववर्ष, नवरोज, वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी सुरू होतं. तो क्षण दरवर्षी वेगळ्या वेळी येतो आणि रेडिओवर त्याची उलटी मोजणी चालते. म्हणजे मुदत कॅलेंडरनेच दिली, लेखकाला ती रचावी लागली नाही. दुसरी गोष्ट, नवरोजच्या मांडणीत पाण्यात सोडलेला लाल-सोनेरी मासा ठेवतात. राझियेच्या घरी हौदात मासे आहेत, पण तिला दुकानातला गुबगुबीत मासाच हवा.

मासा १०० तोमानांचा. आईकडे ५०० ची नोट, आणि तीच काय ती उरलेली. म्हणजे पोरीला मासा आणायचा आहे आणि ४०० तोमान परतही आणायचे आहेत. (हिशेबाचा गोंधळ टाळण्यासाठी: इराणचं अधिकृत चलन रियाल, पण लोक तोमानात बोलतात. १० रियाल म्हणजे १ तोमान. सबटायटल्समध्ये दोन्ही सरमिसळ आले तर किंमत दहापट वाढली असं समजू नका.) वाटेत गारुडी ती नोट लांबवल्यासारखं करतात, मग ती नोट एका बंद दुकानासमोरच्या जाळीतून खाली पडते. नोट डोळ्यांना दिसते, हाताला लागत नाही. सिनेमाचा उरलेला बराचसा भाग त्या जाळीभोवतीच घडतो. सुमारे ८५ मिनिटांचा सिनेमा आणि गोष्टीतला वेळही जवळपास तेवढाच, त्यामुळे मुलीची अस्वस्थता प्रेक्षकाच्या घड्याळात उतरते. पटकथा किआरोस्तामींची. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द’ओर याला मिळाला.

‘बच्चेहा-ये आसेमान’मध्ये पैशांचं गणित जास्त कडक आहे. बहिणीचे गुलाबी बूट शिवून आणताना अली बटाटे घ्यायला थांबतो, बूट भाजीच्या खोक्यांजवळ ठेवतो आणि ते हरवतात. घरभाडं पाच महिन्यांचं थकलेलं. नवे बूट मागितले तर वडील आणणार कुठून, आणि नाही आणता आले तर मार कुणाला, हे दोघांनाही ठाऊक. म्हणून एकाच खोलीत, आई-वडील समोर बसलेले असताना, भावंडं अभ्यासाच्या वहीत लिहून भांडतात. तू हरवलेस. सांगू नकोस. मग मी शाळेत काय घालू? माझे घाल. गप्प बसण्याची लाच म्हणून अली तिला पेन्सिल देतो. खोली एकच असेल तर खासगी बोलणं कागदावर होतं, हे गरिबीबद्दलच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून जातं.

त्याच खोलीत वडील बसून मशिदीतल्या कार्यक्रमासाठी साखरेचे खडे फोडत असतात. समोर ढीगभर साखर. मुलगी साखरेशिवाय चहा आणते, कारण समोर एवढी साखर आहेच. ही साखर आपली नाही, मशिदीची, असं म्हणून तो घरातली साखर मागतो. हा माणूस तापट आहे, मुलावर ओरडतो, पण त्याचा प्रामाणिकपणा दाखवायला एक खडा पुरतो. रेझा नाजी हे नट त्या भूमिकेत आहेत. पुढे २००८ च्या ‘आवाझे गोंजेश्कहा’साठी (चिमण्यांचं गाणं) त्यांना बर्लिनमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं.

शहराचा उतार

तेहरान आल्बोर्झ पर्वताच्या पायथ्याशी आहे. उत्तर टोक दक्षिणेपेक्षा कित्येक शे मीटर उंच. वर हवा गार, झाडी दाट, बंगले. खाली उष्ण, दाटीवाटीची वस्ती. डोंगराचं पाणी रस्त्याकडेच्या उघड्या पाटांतून खाली येतं. या पाटाला ‘जूब’ म्हणतात. आपल्याकडच्या उघड्या गटारासारखं दिसतं, पण मुळात ते झाडांना पाणी देणारे पाट.

हे एकदा कळलं की दोन प्रसंग वेगळे दिसायला लागतात. झहराच्या पायातला ढगळ बूट निसटून जूबमध्ये पडतो आणि पाण्याबरोबर वाहत सुटतो. ती काठाने पळते. पाणी उतारावर असल्याने वेग पोरीपेक्षा जास्त. दुसरा प्रसंग: वडील आणि अली सायकलवरून उत्तरेला बागकामाची कामं शोधायला जातात. बंगल्यांच्या दारावर इंटरकॉम. त्या डबीत बोलायचं कसं हे वडिलांना सुचत नाही, ते अडखळतात. शेवटी पोरगा बोलतो. काम मिळतं, कल्पनेपेक्षा जास्त पैसे हातात पडतात, परत येताना बाप स्वप्नं रंगवतो, आणि उतारावर सायकलचा ब्रेक निकामी होतो. वरून खाली येताना जे मिळालं ते खाली पोचेपर्यंत दवाखान्यात जातं. हा योगायोग नाही, तो भूगोल आहे.

दोन पाळ्यांची शाळाही अशीच खरी. १९७६ च्या जनगणनेत इराणची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ३७ लाख होती, १९८६ मध्ये ती ४ कोटी ९४ लाखांवर गेली. दहा वर्षांत दीड कोटीहून जास्त माणसं वाढली, वर्गखोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. मुलं-मुली वेगळी शिकवायची, मग एकाच इमारतीत पाळ्या लावायच्या. पटकथाकाराला बुटांची अदलाबदल सुचली, कारण शाळेच्या वेळापत्रकात ती फट तयारच होती.

मुलंच का?

याचं नेहमीचं उत्तर ‘सेन्सॉरमुळे’ असं दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ही परंपरा १९७९ च्या इस्लामी क्रांतीच्या आधीची. मुला-तरुणांच्या बौद्धिक विकासासाठी १९६० च्या दशकात ‘कानून’ नावाची सरकारी संस्था स्थापन झाली. तिचं मुख्य काम वाचनालयं आणि बालपुस्तकं. दशकाच्या अखेरीस तिथे चित्रपट विभाग उघडला, आणि तो उभा करणाऱ्यांत किआरोस्तामी होते. १९७० साली त्यांनी ‘नान व कूचे’ (भाकरी आणि गल्ली) हा पहिला लघुपट केला. सुमारे दहा मिनिटांत एवढीच गोष्ट: नान घेऊन घरी निघालेला मुलगा, वाटेत एक भुंकणारा कुत्रा. पुढचा सगळा फारसी बालसिनेमा या दहा मिनिटांत बीजरूपाने आहे. आधी हाच पाहा.

कानूनचा फायदा असा की तिकीटविक्रीवर पोट नव्हतं. नट-नट्या, गाणी, मारामाऱ्या लागत नव्हत्या. क्रांतीनंतर अनेक गोष्टी मोडल्या, ही संस्था टिकली, आणि १९८० च्या दशकातले उत्तमोत्तम सिनेमे तिच्या छत्राखाली झाले. म्हणजे मुलं आधीच कॅमेऱ्यासमोर होती. नंतर आलेल्या नियमांनी मोठ्यांसाठी दारं अरुंद केली, तेव्हा मुलांचं दार उघडं राहिलेलं होतं.

नियम काय अडचण करतात? पडद्यावरची स्त्री स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोर, झोपेतसुद्धा डोकं झाकलेली दिसायला हवी. नट-नटी खऱ्या आयुष्यात नात्याचे नसतील तर एकमेकांना हात लावू शकत नाहीत. म्हणजे मोठ्यांचं कौटुंबिक आयुष्य घराच्या आत दाखवायला गेलं की ते खोटं दिसतं. लहान मुलं मात्र हात धरू शकतात, रडून बिलगू शकतात, भांडू शकतात. आणि ती बहुतेक वेळ घराबाहेर असतात: अंगणात, गल्लीत, नानवाल्याच्या रांगेत, म्हणजे जिथे कॅमेऱ्याला खोटं बोलावं लागत नाही.

तरीही मुलं म्हणजे सुरक्षित विषय असं नव्हे. बहराम बैझाईंचा ‘बाशू, गरीबे-ये कूचक’ (बाशू, छोटा परका) १९८० च्या दशकाच्या मध्यात तयार झाला आणि १९८९ मध्ये प्रदर्शित होऊ शकला. इराण-इराक युद्धात घर जळालेला, आई-बाप गेलेला दक्षिणेतला सावळा मुलगा ट्रकमध्ये लपून उत्तरेला गिलान प्रांतात पोचतो. तो अरबी बोलतो, शेतकरीण नाई गिलाकी बोलते. एकमेकांचा शब्द कळत नाही. गावातली पोरं त्याला मारायला घेरतात. तेवढ्यात तिथे पडलेलं शाळेचं क्रमिक पुस्तक उचलून तो मोठ्याने वाचतो: इराण आमचा देश आहे, आम्ही इराणची मुलं आहोत. पुस्तकी फारसी. सगळ्यांना कळते, कारण सगळ्यांनी तोच धडा घोकलाय. सबटायटल्स वाचणाऱ्याला या क्षणाचा झटका बसत नाही, कारण त्याला तिन्ही भाषा एकाच मराठीत किंवा इंग्रजीत मिळतात. म्हणून हा प्रसंग कानाने पाहावा.

भाषेचाच विषय निघालाय तर एक खुलासा. इराणी म्हणजे फारसी असं समीकरण नाही. बहमन घोबादींचे गाजलेले मुलांचे सिनेमे मुख्यतः कुर्दी भाषेत आहेत. उलट सिद्दीक बर्माक यांचा ‘ओसामा’ (२००३) अफगाणिस्तानातला, पण भाषा दरी, म्हणजे फारसीच. आणि जगातला पहिला फारसी बोलपट तेहरानमध्ये तयारच झाला नाही. ‘दोख्तरे लोर’ (१९३३) मुंबईत, पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत झाला. बालपणाशी त्याचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पोरांकडून काम करून घेणं

यातली बहुतेक मुलं नट नाहीत. ‘मित्राचं घर’मधला अहमद आणि त्याचा मित्र ही भूमिका करणारी मुलं त्याच भागातली, प्रत्यक्षात सख्खे भाऊ. १९९० च्या जूनमध्ये तिथे प्रचंड भूकंप झाला, गावंच्या गावं कोसळली. ती पोरं जिवंत आहेत का हे शोधायला किआरोस्तामी गेले, आणि त्या शोधाचाच पुढे ‘झेंदेगी व दीगर हीच’ (१९९२) हा सिनेमा झाला.

अशा मुलांबरोबर काम करताना नेहमी बिघडतं ते एकाच ठिकाणी: संवाद पाठ करून घेतला की मूल शाळेतल्या कवितेसारखं म्हणतं. म्हणून संवाद आयत्या वेळी सांगायचा, जमल्यास दिग्दर्शकाने स्वतः समोर बसून बोलायचं आणि नंतर त्याचा आवाज कापून टाकायचा. रस्त्यावरची गर्दी कॅमेऱ्याकडे बघते, म्हणून माजिदींनी तेहरानमधली काही दृश्यं कॅमेरा लपवून घेतली.

पण यात एक नैतिक पेच आहे आणि तो झाकू नये. किआरोस्तामींच्या ‘मश्के शब’ (१९८९) या माहितीपटात पहिली-दुसरीतल्या मुलांना कॅमेऱ्यासमोर एकेक करून गृहपाठाबद्दल विचारलं जातं. तुला शिक्षा म्हणजे काय माहीत आहे? हो, पट्टा. शाबासकी? अनेकांना तो शब्दच माहीत नाही. गृहपाठ आवडतो की कार्टून? गृहपाठ, म्हणतात, आणि खोटं बोलताहेत हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं. आई-वडिलांना वाचता येत नाही, मग घरी मदत करणार कोण? शेवटी एक मुलगा मित्राला आत बोलवा म्हणून रडू लागतो, एकटा थांबायला तयार नाही. कॅमेरा चालूच राहतो. शाळेतली भीती दाखवायला निघालेला सिनेमा स्वतःच भीती घालतोय का, हा प्रश्न तिथे उघडा पडतो. दिग्दर्शकाने तो भाग कापला नाही हे माझ्या मते त्याच्या बाजूने आहे. पण मुलाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं.

समीरा मखमलबाफ यांनी सतराव्या वर्षी केलेला ‘सीब’ (सफरचंद, १९९८) तर आणखी पुढे जातो. वर्षानुवर्षं घरात कोंडून ठेवलेल्या जुळ्या मुली आणि त्यांचा बाप, तिघंही पडद्यावर स्वतःच. मुलगी फुलासारखी, ऊन लागलं की कोमेजते, असं बाप समजावून सांगतो. त्या पोरींना चालणंसुद्धा धड येत नाही. मग पळणं दूरच.

इराणमध्येच या सिनेमांवर एक ठरावीक टीका होते, तिला ‘सियाह-नमाई’ म्हणतात: देशाचं काळं तेवढंच दाखवून परदेशी महोत्सवांत बक्षिसं मिळवणं. सरकारी गोटातून येते तेव्हा ती तोंड दाबण्याची सोय असते. पण त्यात खरं अजिबात नाही असंही म्हणवत नाही. १९९० नंतर लहान मूल, मातीची भिंत, लांबलचक शॉट हा साचा बनला. माजिदींच्या ‘रंगे खोदा’मध्ये (१९९९) अंध मुलाचे हात गव्हाच्या ओंब्या, दगडगोटे चाचपतात तेव्हा सिनेमा श्वास रोखायला लावतो, आणि शेवटाकडे वादळ, पूर आणि संगीत मिळून तेच गळा काढून सांगतात. याच्या उलट मोहम्मद-अली तालेबींचा ‘बीद-ओ-बाद’ (२०००) पाहा, कथा पुन्हा किआरोस्तामींची. शाळेची काच फुटली, नवी बसवल्याशिवाय वर्गात घेणार नाहीत. पोरगा भली मोठी काच हातात धरून सोसाट्याच्या वाऱ्यात रानातून चालतो. बस, एवढंच. काच वाऱ्याला शिडासारखी अडते. ज्याने कधी पत्रा किंवा प्लायवूड घेऊन वाऱ्यात रस्ता ओलांडलाय त्याला हा सिनेमा तळव्यांत जाणवेल. इथे पळायची सोय नाही. पळालं की काच गेली.

रांजणाचा उल्लेख वर आला, त्याचंही सांगून टाकतो. इब्राहिम फोरूझेश यांचा ‘खोमरे’ (१९९२), वाळवंटातल्या गावची शाळा, पिण्याच्या पाण्याचा एकुलता रांजण तडकतो. सांधायला चुना, राख आणि अंड्यातला पांढरा बलक लागतो. अंडी पोरांच्या घरून आणायची. एकेक अंडं म्हणजे गरिबाच्या घरातला घास, त्यामुळे गावात कुजबुज सुरू होते. दुरुस्तीच्या एका कृतीतून अख्खं गाव उलगडतं. लोकांना हा सिनेमा कमी माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

आता पळणाऱ्यांकडे परत

किआरोस्तामींच्या ‘मोसाफेर’मधला (१९७४) कासेम मलायेर गावातून फुटबॉलचा सामना पाहायला तेहरानला जातो. पैशांसाठी तो रिकाम्या कॅमेऱ्याने शाळेतल्या पोरांचे फोटो काढतो. आत फिल्मच नाही. पोरं नवे कपडे सावरत ऐटीत उभी राहतात, नाणी देतात. रात्रभराचा प्रवास, रांग, काळ्या बाजाराचं तिकीट, सगळं पार पडतं. सामन्याला अजून वेळ असतो, म्हणून तो गवतावर जरा आडवा होतो. जाग येते तेव्हा स्टेडियम रिकामं, झाडूवाले कागद गोळा करताहेत. सगळा सिनेमाभर धावलेलं पोर ऐन वेळी झोपतं, कारण ते दमलेलं असतं.

‘दवंदे’तला (१९८४) अमीरो आखाती बंदरावरच्या एका मोडक्या जहाजात एकटा राहतो. बाटल्या वेचतो, बर्फाचं पाणी विकतो. एक सायकलवाला पाणी पिऊन पैसे न देता सटकतो. अमीरो त्याच्यामागे पळत सुटतो, आणि नाणं वसूल करेपर्यंत थांबत नाही. नादेरी स्वतः दक्षिणेतल्या आबादान शहरातले, पोरके वाढलेले. युद्धामुळे आबादानमध्ये चित्रीकरण शक्य नव्हतं, म्हणून दक्षिणेतली निरनिराळी ठिकाणं जोडून ते बंदर उभं केलं. शेवटच्या शर्यतीत तेलविहिरींच्या ज्वाळांसमोर बर्फाची लादी ठेवलेली असते. पोरं एकमेकांना ढकलत तिच्याकडे धावतात. बर्फ वितळतोय, म्हणजे बक्षीसच दर सेकंदाला कमी होतंय. अमीरो जिंकतो, तहानेने व्याकूळ, आणि ती लादी मागच्या पोरांच्या हातात देतो.

‘बच्चेहा-ये आसेमान’च्या शेवटी अली धावण्याच्या स्पर्धेत उतरतो, ती शर्यत याच्या शेजारी ठेवा. त्याला तिसरा क्रमांक हवाय, कारण बुटांचं बक्षीस तिसऱ्याला आहे. मागे राहायचं तर फार मागे नाही, पुढे जायचं तर फार पुढे नाही. एवढं मोजून पळणं त्या गर्दीत जमत नाही आणि तो पहिला येतो. शिक्षक त्याला खांद्यावर घेतात, फोटो काढतात, आणि तो मान खाली घालून रडतो. वडिलांच्या सायकलवर त्या वेळी काय बांधलेलं आहे हे प्रेक्षकाला दिसतं, अलीला दिसत नाही. तो हौदात फोड आलेले पाय सोडून बसतो, मासे पायांभोवती जमतात.

आणि एक न पळणारा मुलगा. ‘पांढऱ्या फुग्या’त जाळीखालची नोट शेवटी निघते ती एका फुगेवाल्या अफगाण पोरामुळे. त्याच्या काठीच्या टोकाला च्युइंगम लावून. नोट हातात येताच राझिये आणि तिचा भाऊ दुकानाकडे, मग घराकडे पळतात. नवरोजला काही मिनिटं उरली आहेत, त्यांना वेळेत पोचायचंय. सगळी गल्ली रिकामी होते. कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही. तो त्या अफगाण पोरापाशी थांबतो. काठीला एकच पांढरा फुगा उरलाय. रेडिओवर नवं वर्ष लागतं. तो बसलेलाच आहे. उठून पळायला त्याला घर नाही.